पाय दुखतात : नळ तुंबला की मोरी?

'पाय दुखतात' ही आपल्या घरोघरची इतकी जुनी आणि इतकी सर्वमान्य तक्रार आहे, की ती तक्रार आहे हेच आपण विसरून गेलो आहोत. सासूबाईंचे पाय दुखतात ते वाताने, मामंजींचे दुखतात ते वयाने, सूनबाईंचे दुखतात ते कामाने आणि नातवाचे दुखतात ते अभ्यास टाळावयाचा म्हणून, अशी निदाने घरच्या घरी होऊन जातात. मग कोणी तेल चोळतो, कोणी कढत पाण्यात पाय बुडवून बसतो, कोणी करकचून पट्टी बांधतो, तर कोणी दोन उशा घेऊन त्यांवर पाय ठेवून पडतो. उपाय चारही चांगले आहेत. अडचण एवढीच, की जो उपाय एका पायाला अमृत, तोच दुसऱ्या पायाला विष ठरू शकतो. आणि आपला पाय यांपैकी कोणता, हे पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

चांदवडला मी गेली तीस-बत्तीस वर्षे दवाखाना चालवीत आहे. नाशिकहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले हे गाव. प्रवासी मंडळींना ते होळकरांच्या रंगमहालामुळे आणि रेणुकामातेच्या देवळामुळे माहीत असते. मला ते पायांमुळे माहीत आहे! कांद्याच्या बाजारात दिवसभर उभे राहून लिलाव करणारे व्यापारी, खळ्यावर तासन् तास उकिडव्या बसून कांदा निवडणाऱ्या बायका, हातात खडू घेऊन उभे आयुष्य उभ्यानेच काढलेले मास्तर, मुंबईहून निघून थेट राहूडचा घाट चढेपर्यंत बैठक न मोडणारे ट्रकचालक, असे पायांचे नाना नमुने माझ्या बाकावर येऊन बसतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे पाय आपले नव्हेत असे समजू नये. कचेरीतली खुर्ची, दुकानाचा गल्ला आणि स्वयंपाकघरातला ओटा यांचे पायांवर होणारे परिणाम निराळे नसतात.

आता या पायांत चालते काय, ते थोडक्यात पाहू. हृदय रक्त ढकलते, ते रोहिण्यांतून वेगाने पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचते. हा झाला नळ. आपले काम उरकून, मळ घेऊन ते रक्त नीलांतून परत वर येते. ही झाली मोरी. पण आपल्या घरातली मोरी खाली वाहते. पायातल्या मोरीला मात्र उभ्या माणसात तीन-चार फूट वर चढावयाचे असते, आणि तेही जवळ पंप नसताना! हे साधते कसे? नीलांच्या आत ठिकठिकाणी एका बाजूलाच उघडणारी पडद्यांची दारे असतात. इटलीतील पादुआ येथील फॅब्रिशियस याने १६०३ साली त्यांचे वर्णन छापले. परंतु ती कशासाठी आहेत हे त्याला उमगले नाही. ते उमगले त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याला, आणि १६२८ साली त्याने रक्ताभिसरणाचा सगळा उलगडा जगापुढे मांडला. आपण पाऊल टाकले की पोटरीचे स्नायू आवळतात, नीला पिळल्या जातात, रक्त वर उसळते आणि मागचे दार मिटते. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. फरक इतकाच, की पहिले हृदय आपण झोपलो तरी चालते, दुसरे मात्र आपण चाललो तरच चालते.

तेव्हा पाय दुखला की पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : नळ तुंबला की मोरी?

भाव विचारणारे गृहस्थ

आमच्या पेठेत एक गृहस्थ रोज संध्याकाळी फिरावयास निघत. शंभर-दीडशे पावले झाली की भांड्यांच्या दुकानापुढे थांबून पातेल्याचा भाव विचारीत. पुढे तितक्याच अंतरावर कापडाच्या दुकानापुढे धोतरजोडीचा भाव. घेत मात्र काहीच नसत. दुकानदार त्यांना चिक्कू म्हणू लागले. खरी गोष्ट अशी, की तेवढे चालले की त्यांची उजवी पोटरी भरून येई, गोळा आल्यासारखी आवळे. मिनिट-दोन मिनिटे उभे राहिले की कळ ओसरे, आणि पुन्हा तेवढेच चालता येई. चारचौघांत नुसते उभे राहावयाचे कसे, म्हणून भाव विचारावयाचा! मोठी गंमत म्हणजे जर्मन भाषेत या दुखण्याचे नावच मुळी 'दुकानाच्या काचेचा रोग' असे आहे. तिकडचे रोगीही दुकानांच्या काचांपुढे असेच सोंग करीत असले पाहिजेत.

ही कळ प्रथम ओळखली गेली ती माणसात नव्हे, घोड्यात. १८३१ साली बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका गाडीच्या घोड्याची हकीगत लिहिली. घोडा थोडे धावला की मागच्या पायांनी लंगडे, उभा केला की बरा होई. त्याच्या पायांकडे जाणारी रोहिणी गुठळीने बंद झालेली आढळली. शार्को या सुप्रसिद्ध फ्रेंच वैद्याने १८५८ साली हीच गोष्ट माणसात दाखवून दिली. कारण उघड आहे. बसलेल्या पोटरीला रक्त थोडे लागते, चालत्या पोटरीला कितीतरी पट लागते. नळाची धार बारीक झालेली असली तरी एक तांब्या भरण्यापुरती ती पुरते. पाहुणे आले की तारांबळ उडते.

चालल्यावर दुखते ते सगळे रोहिणीचेच असते असे मात्र नाही. कमरेच्या मणक्यांत मज्जातंतू दाबले गेले तरी चालताना पाय भरून येतात. पण तो मनुष्य नुसता उभा राहून बरा होत नाही. त्याला बसावे किंवा पुढे वाकावे लागते. रोहिणीवाल्याला उभे राहणे पुरते. एवढा भेद लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितलात तर त्यांचे अर्धे काम होते.

नळ तुंबल्याच्या आणखी खुणा डोळ्यांनी दिसतात. एक पाय दुसऱ्याहून गार लागतो. त्यावरचे केस झडतात, कातडी पातळ व चकचकीत होते, नखे जाड होऊन हळू वाढतात. पाय उंच धरला की पांढराफटक पडतो आणि खाली सोडला की लालसर-जांभळा होतो. पावलाच्या वरच्या अंगाला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते, ती मंद होते किंवा सापडत नाही. (पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, तेव्हा तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.) शंका आली तर डॉक्टर दंडावरचा आणि घोट्यावरचा रक्तदाब मोजून ताडून पाहतात. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा किंचित अधिक भरतो. तो दंडाच्या नऊ-दशांशाहून कमी भरला तर वाटेत अडथळा आहे असे समजावयाचे. सुई नाही, चीरफाड नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम.

दुखणे बळावले की रात्री झोपेत पाऊल ठणकू लागते. रोगी पाय खाटेखाली लोंबत सोडतो, तेव्हा कुठे त्याला बरे वाटते. अशा वेळी घरातल्या प्रेमळ माणसांनी तो पाय उचलून उशीवर ठेवला, तर उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो! करकचून बांधलेली पट्टी तेच करते. आणि गरम पाण्याची पिशवी तर वैरीण. रक्त कमी असलेली कातडी साध्या उष्णतेनेही भाजते, आणि भाजलेले भरून येत नाही.

राजाचा पाय आणि रंकाची विडी

या रोगाची मुख्य कारणे चार : तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातील चरबी. पण मला विचाराल तर पहिल्या कारणाला मी बाकीच्यांच्या पंगतीत बसवणार नाही. त्याचे पान वेगळे मांडावयास हवे.

इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज हा मोठा धूम्रपानी होता. १९४८ साली त्याच्या पायांत गोळे येऊ लागले. उजवा पाय कापावा लागतो की काय अशी धास्ती पडली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा ठरलेला दौरा पुढे ढकलावा लागला. १९४९ च्या मार्चमध्ये एडिंबरोचे शल्यविशारद लर्मंथ यांनी राजवाड्यातच त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. पाय वाचला. पण फुप्फुसाच्या कर्करोगासाठी १९५१ साली पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत राजा झोपेतच हृदयविकाराने गेला. पाय, फुप्फुस आणि हृदय ही एकाच धुराची तीन घरे आहेत. ज्याच्या पायातली रोहिणी अरुंद झाली, त्याच्या हृदयातली आणि मेंदूतली शाबूत असेल असे धरून चालता येत नाही. किंबहुना असे रोगी पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराने जाण्याचाच धोका अधिक असतो. म्हणूनच डॉक्टर त्यांना रक्त पातळ राखणाऱ्या आणि चरबी उतरवणाऱ्या गोळ्या देतात. 'दुखतोय पाय आणि गोळ्या हृदयाच्या कशाला?' असे म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

राजाची सिगारेट, रंकाची विडी. आमच्याच जिल्ह्यातले सिन्नर एके काळी विड्यांसाठी नावाजलेले. त्या धंद्यावर हजारो घरे चालली, हे खरेच आहे. आणि विडीने तरुण माणसांचे पाय नेले, हेही तितकेच खरे आहे. पंचवीस-चाळीस वयाच्या, अंगाने काटक, साखर नाही, रक्तदाब नाही अशा माणसाची पायाची बोटे काळी पडू लागतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. हिंदुस्थानात तो पुष्कळ दिसतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच : तंबाखू पूर्ण बंद. रोज दहाच्या दोन विड्या केल्या, असा व्यवहार येथे चालत नाही. आणि तंबाखू म्हणजे केवळ धूर नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका 'आम्हांला कसले व्यसन?' म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, बाई! हिरड्यांतूनही ती रक्तात जावयाची तशी जातेच.

या रोगावरचे निम्मे औषध फुकटचे आहे : चालणे. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, ओसरली की पुन्हा चालावे. असे मधल्या विश्रांतीसह अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन-चार वेळा, आणि तीन महिने नेटाने. लहान लहान वाटांनी रक्त आपली सोय लावू लागते, स्नायूही थोडक्या रक्तात काम भागवावयास शिकतात. भाव विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी हेच सांगितले, आणि सिगारेटचे पाकीट टेबलावर ठेवून घेतले. चार महिन्यांनी ते पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच थांबून जाऊ लागले. हृदयाचे दुखणे असेल किंवा पावलाला जखम असेल, तर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. चालण्याने भागले नाही तर रोहिणीत फुगा घालून ती रुंद करता येते, किंवा दुसरी वाट काढून देता येते. नाशिकलाही आता या सोयी आहेत.

न दुखणारा पाय

एवढा वेळ दुखणाऱ्या पायाबद्दल लिहिले. पण मला अधिक धाक वाटतो तो न दुखणाऱ्या पायाचा. मधुमेहात रोहिण्या अरुंद होतातच, शिवाय मज्जातंतू बधिर होतात. मग कळ सांगणार कोण? चपलेतला खिळा टोचतो, कळत नाही. तापलेल्या फरशीने तळवा भाजतो, कळत नाही. चौथ्या दिवशी मोजाला डाग दिसतो तेव्हा कळते.

नवरात्रात आमच्याकडे नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नेम पुष्कळ जण करतात आणि रेणुकामातेच्या दर्शनाला तसेच जातात. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. पण ज्याला दहा वर्षांचा मधुमेह आहे आणि तळव्याला मुंग्या येतात, त्याने हा नेम आपल्या धडधाकट मुलाकडे सोपवावा. नवरात्र संपले की पंधरवडाभर माझ्याकडे तळव्यांच्या जखमा येत राहतात, आणि त्यांतली एखादी नाशिकला पाठवावी लागते. गेल्या साली एका बाईंच्या पायाची दोन बोटे अशीच गेली. खडा रुतल्याचे त्यांना समजलेच नव्हते.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पावलांच्या कामाला मोठे बळ दिले. भारतात आणि टांझानियात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर-परिचारिकांना पावले तपासण्याचे शिक्षण देणारी जी योजना राबवली, तिचा गाभा अगदी साधा होता : जखम होण्यापूर्वी पाऊल पाहा. हेच घरी करता येते. रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत; वाकवत नसेल तर खाली आरसा ठेवावा, किंवा नातवाला दाखवावेत. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे. चपला पायात घालण्यापूर्वी उलट्या करून झटकाव्यात. आणि कुरूप घरच्या पात्याने कापू नये. हा उद्योग मी अनेक सुशिक्षित घरांत पाहिला आहे.

ओट्यापाशी उभी असलेली मोरी

आता मोरीकडे वळू. येथे चित्र नेमके उलटे. सकाळी पाय ठीक असतात; दिवस चढेल तसे ते जड होतात; संध्याकाळी घोट्याशी सूज येते, मोज्याची किनार कातडीवर उमटते. चालले तर हलके वाटते, उभे राहिले तर वाढते, पाय वर करून पडले की उतरते. नीलांतली दारे सैल झाली की रक्त खाली साठते, पोटरीवर निळ्या-हिरव्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात. पुढे घोट्याभोवती कातडी काळपट पडते, खाजते, आणि आतल्या घोट्याच्या वर व्रण पडतो, तो महिनोन् महिने भरत नाही. (दोन्ही पाय सारखेच सुजले, धाप लागली किंवा तोंडावर सूज आली, तर मात्र नीलांना दोष न देता हृदय व मूत्रपिंड तपासून घ्यावे.)

ही दुखणी आनुवंशिक असतात, बाळंतपणांनी वाढतात, उभ्या कामाने बळावतात. म्हणजे बायकांच्या वाट्याला तिन्ही बाजूंनी येतात. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे प्रचंड महिला अधिवेशन चांदवडलाच भरले होते. त्या गावातसुद्धा शिरा फुगलेली बाई माझ्याकडे येते ती स्वतःच्या पायासाठी नव्हे. नातवाच्या खोकल्यासाठी येते आणि उठता उठता 'जाता जाता एवढे बघा' म्हणून लुगड्याचा काठ वर करते. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस तर पाहावयास नको. चकली, करंजी, अनारसे. सकाळपासून ओट्यापाशी उभे. त्या आठ दिवसांत घरातल्या पुरुषांनी एक उंच स्टूल ओट्यापाशी आणून ठेवले, तर भाऊबीजेच्या ओवाळणीइतकेच ते मोलाचे होईल. उभे राहणे सुटतच नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी टाचा उचलाव्यात, टेकवाव्यात. असे वीस वेळा करावे. दुसरे हृदय तेवढ्याने जागे होते. रात्री पाय छातीहून उंच ठेवून पडावे. डॉक्टरांनी मापाचे लवचीक मोजे सांगितले असतील तर ते सकाळी अंथरुणातून उतरण्यापूर्वीच चढवावेत. सूज आल्यावर चढवण्यात अर्थ नाही. मात्र मोजे घेण्यापूर्वी पावलावरची नाडी तपासून घ्यावी. ज्याचा नळच तुंबला आहे त्याला हा मोजा फास होतो. फुगलेल्या शिरेला धक्का लागून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरू नये : आडवे पडावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरावे, मग डॉक्टर.

मोरीचे एकच दुखणे तातडीचे आहे. एकाच पायाची पोटरी एक-दोन दिवसांत सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखू लागली, तर आतल्या नीलेत गुठळी धरली असण्याचा संभव असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. लढाईत, १९४० साली, लंडनची माणसे बाँबच्या भीतीने रात्र-रात्र तळघरांत कापडी खुर्च्यांवर बसून काढीत. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुते. त्यातून गुठळ्या होऊन माणसे दगावत आहेत, हे कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. १९५४ साली अमेरिकेत होमन्स यांनी लांबच्या विमानप्रवासानंतर असेच घडल्याचे नोंदवले. लढाई नको, विमानही नको. रातराणी बसची खुर्ची पुरते. शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर, प्लॅस्टरमध्ये पाय असताना हा धोका अधिक.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग करताना ही एक गोष्ट ध्यानात असावी. सर्वांना तेल भरपूर चोळा. पण ज्याची एकच पोटरी अलीकडेच सुजून दुखते आहे, त्या पोटरीला हात लावू नका. त्याला अंघोळीला नव्हे, दवाखान्यात न्या. छातीत कळ किंवा एकाएकी धाप असेल तर क्षणाचाही विलंब नको. तसेच पाय एकाएकी गार, पांढरा आणि बधिर होऊन असह्य ठणकू लागला, तर तो नळ अचानक बंद झालेला असतो. अशा पायाला सहा तासांच्या आत मोठ्या इस्पितळात पोचवावे लागते. फराळ आटोपून निघू, असे म्हणावयाचे नाही.

दिवाळीत नव्या चपला घ्यावयाच्या असतील तर संध्याकाळी घ्या, कारण पाऊल तेव्हा सर्वांत मोठे असते. आणि उभे राहून, दोन्ही पायांत घालून पाहा. भाऊबीजेला लांब गावी निघालात तर गाडी जेथे थांबेल तेथे उतरा, चार पावले चाला, पाणी प्या. बसल्या जागी टाचा-चवडे हलवीत राहा. शेजारचा प्रवासी चमकून पाहील, त्याला हा लेख वाचावयास द्या.